तपकिरी बाटलीवरचा संशय

मी एक जुनी, तपकिरी काचेची बाटली आहे. माझ्या पोटात पांढरी भुकटी आहे आणि ती कोणत्या औषधाची, हे मी तुम्हाला सांगणार नाही. रागावू नका, मित्रांनो. एकदा माझं नाव लोकांना कळलं होतं. त्यानंतर काय झालं ते ऐकलंत की माझी ही लपवाछपवी तुम्हाला पटेल.

माझा जन्म मुलुंडच्या एका औषधाच्या कारखान्यात झाला. ज्यांचे सांधे सुजून आखडतात त्यांच्यासाठी तिथे गोळ्या बनत. प्रत्येक बॅचमधली थोडी भुकटी बाजूला काढून नमुना म्हणून जपून ठेवायची पद्धत होती. मी तशी नमुन्याची बाटली. उजेडाने भुकटी बिघडू नये म्हणून माझी काच तपकिरी. एखाद्या गोळीबद्दल कुणाची तक्रार आली की मला बाहेर काढत आणि ती गोळी माझ्या भुकटीशी ताडून पाहत. म्हणजे संशय आला तरच माझं काम. श्यामकांत नावाचे एक केमिस्ट होते. ते मला दोन बोटांत धरून नव्या लोकांना सांगत, "ही बाई खोटं बोलत नाही." मला ते फार आवडायचं.

पुढे नवी औषधं आली. माझ्या गोळ्यांचा खप उतरला. कारखाना बंद पडला आणि त्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. गोळ्या दुसरीकडे कुठे तरी थोड्याफार बनत राहिल्या, पण मला मात्र कुणी विचारेना. कितीतरी वर्षं मी एका खोक्यात भुशात पडून होते. मग एक दिवस खोकं उघडलं आणि मी पवईच्या एका प्रयोगशाळेतल्या थंड कपाटात येऊन बसले. आजूबाजूला माझ्यासारख्याच तीनशे चाळीस बाटल्या. सगळ्या जुन्या औषधांच्या. कुणी जंतावरची, कुणी सर्दीवरची. माझ्या शेजारी निळ्या झाकणाची एक बाटली होती. तिच्यातलं औषध पूर्वी उलट्या थांबवायला देत.

जुन्या बाटल्या कशाला गोळा करायच्या, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण नवं औषध शोधून लोकांपर्यंत पोचवायला दहा-बारा वर्षं सहज जातात. जुन्या औषधाचं तसं नसतं. ते किती घ्यावं, कुणाला सोसत नाही, हे आधीच माहीत असतं. त्यातलंच एखादं नव्या कामाला आलं, तर कित्येक वर्षं वाचतात.

काम काय होतं तेही सांगते. एक विषाणू आहे. मोठ्यांना तो साधी सर्दी देतो, पण तान्ह्या बाळांच्या छातीत उतरला की त्यांना श्वास पुरत नाही. या विषाणूच्या अंगावर सगळीकडून प्रथिनं उभी असतात. मिटलेल्या छत्र्यांसारखी समजा. विषाणू आपल्या शरीरातल्या पेशीपाशी पोचला की यातली एखादी छत्री खटकन उघडते, तिचं टोक पेशीत रुततं आणि विषाणू आत शिरतो. आता त्या मिटलेल्या छत्रीच्या घड्यांमध्ये नेमकं बसेल असं काही सापडलं तर? छत्री उघडणारच नाही. विषाणू दारात येईल आणि तसाच बाहेर राहील. अशा घडीत बसणारं औषध आमच्या तीनशे चाळीस जणींमध्ये कुणाकडे आहे का, याचा तो शोध होता.

शोध घेणारी माणसं तीन. डॉक्टर पद्मजा तेंडोलकर या मुख्य. बोरिवलीला राहणाऱ्या, वडील गिरणीत होते, आणि स्वभाव असा की घड्याळ दहा वाजल्याचं दाखवत असलं तरी दुसऱ्या घड्याळात बघितल्याशिवाय त्यांना दहा वाजत नसत. केतन हा त्यांच्या हाताखाली संशोधन करणारा, तिशीतला, बोलका. आणि वनमाला खरात. त्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं तंत्रज्ञ होत्या, घाटकोपरहून यायच्या. आमच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असे. प्रत्येक बाटली पुसून, नंबर वाचून, जागच्या जागी ठेवायच्या. मला उचलताना मात्र त्या जरा थांबायच्या. कारण माझ्या भुकटीची गोळी त्या स्वतः नऊ वर्षं घेत होत्या. त्यांची बोटं पूर्वी सकाळी मुठीतून सुटत नसत. गोळीमुळे सुटायला लागली होती.

"तू नसतीस तर मी हे काम केव्हाच सोडलं असतं बघ," असं त्या एकदा मला हळूच म्हणाल्या होत्या. खोक्यातल्या भुशात घालवलेली सगळी वर्षं त्या एका वाक्याने भरून निघाली.

गेल्या ऑगस्टात माझी पाळी आली. प्लास्टिकची एक ताटली असते, तिला शहाण्णव छोटी घरं. प्रत्येक घरात माणसाच्या फुफ्फुसाच्या पेशी वाढवलेल्या. त्यात विषाणू सोडायचा. पेशीत तो शिरला की ती हिरवी चमकावी, अशी सोय त्या विषाणूतच केलेली. वनमालाबाईंनी माझी चिमूटभर भुकटी घेतली, द्रावण केलं आणि एका रांगेत थेंब थेंब टाकलं. दोन दिवसांनी केतनने ताटली पाहिली आणि तो खुर्चीवरून उठलाच.

"मॅडम! इकडे या. ही रांग बघा, पूर्ण काळी! एक पेशी हिरवी नाही."

पद्मजाबाई आल्या. बराच वेळ पाहत राहिल्या.

"इतकं स्वच्छ कधी काही येतं का रे?"

"पण आलंय ना! झकास आलंय."

"झकास आलं की मला भीती वाटते," त्या म्हणाल्या. "जुनी बाटली आहे ही. आत अजून औषधच आहे की काही भलतंच झालंय, ते आधी बघ."

त्यांनी माझी भुकटी तपासून घेतली. भुकटी अस्सल निघाली. प्रयोग पुन्हा केला. रांग काळी. तिसऱ्यांदा केला, तरी काळी. नुसतं प्रथिन घेऊन यंत्रावर पाहिलं, तर माझं औषध त्या प्रथिनाला धरतं आहे, अशी रेष पडद्यावर चढताना दिसली. तेव्हा कुठे पद्मजाबाई हसल्या. त्यांना घाईही होती. त्यांच्या थोरल्या भावाचा, नंदकुमारदादांचा पाच महिन्यांचा नातू याच विषाणूने आजारी होता आणि तीन दिवसांपासून इस्पितळात होता.

त्या दुपारी मला टेबलावर मधोमध ठेवलं. केतनने माझा फोटो काढला. वनमालाबाईंनी काढला. पद्मजाबाईंनीही काढला. इतकं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. पण खरं सांगू? मला चैन पडेना. ज्या पेशी मला ओळखत नाहीत, ज्या रोगासाठी मला कुणी बनवलं नाही, तिथे मी पहिल्याच फटक्यात जिंकले कशी? पण बाटलीला कोण विचारतं!

आठ दिवसांत माझा फोटो मुंबईभर फिरला. फक्त माझं लेबल दिसेल एवढाच तुकडा कापलेला, आणि खाली मजकूर होता: 'पवईच्या शास्त्रज्ञांनी शोधलं! ही गोळी घरात ठेवा, बाळाच्या छातीला विषाणू शिवणार नाही. सगळ्या आईबाबांना पाठवा.' केतनच्या वहिनीने तो निरोप केतनलाच पाठवला. त्याने तो सगळ्यांना दाखवला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"वाट लागली, मॅडम. आपण अजून कुठे काही छापलंसुद्धा नाही."

पद्मजाबाईंनी केतनकडे पाहिलं, मग वनमालाबाईंकडे पाहिलं. त्या दिवसापासून प्रयोगशाळेची हवाच बदलली. कुणी फोन हातात घेतला की दुसऱ्याची मान वळायची. केतन आला की बोलणं थांबायचं. एकमेकांचे डबे उघडून बसणारी माणसं आता आपापल्या टेबलावर जेवायला लागली.

तिकडे दुकानांत माझ्या गोळ्या संपल्या. वनमालाबाईंनी घाटकोपर पालथं घातलं, विक्रोळी केलं, भांडुप केलं. मला ते कळायचं, कारण फोनवर त्या आपल्या भावाला सांगत असत. "जय भीम, दादा. अरे, तिकडे कल्याणला बघ ना कुठे मिळतात का. इथे दुकानदार म्हणतो, कालच शेवटचं पाकीट एक बाई लहान लेकरासाठी घेऊन गेली. मी म्हटलं, लेकराला कशाला ही गोळी? तर म्हणतो, ताई, मेसेज नाही वाचला का?"

तीन आठवडे गोळीवाचून गेले. डॉक्टरांनी दुसरी लिहून दिली, पण ती लागू पडायला वेळ लागणार होता. मला उचलताना वनमालाबाई आता दोन्ही तळहात लावत. बोटं वळत नव्हती. एकदा द्रावण करताना त्या काचनळी खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिल्या, मग मान हलवून ती खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर दुखणं होतं की आणखी काही, ते मला ओळखता आलं नाही.

त्याच आठवड्यात पद्मजाबाईंनी त्यांना केतनच्या समोर बोलावलं.

"वनमालाबाई, कपाटाची किल्ली जरा माझ्याकडे द्या."

"का, मॅडम?"

"तुम्ही ही गोळी घेता. तुमच्या ओळखीत आणखी कुणी घेत असेल. बोलता बोलता सांगितलं असेल तुम्ही कुणाला. तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाहीये."

वनमालाबाईंचा चेहरा कसनुसा झाला. किल्ली त्यांच्या कमरेच्या पिशवीत होती. पिशवीची गाठ त्यांना सोडवता येईना. केतन मदतीला पुढे झाला, तर त्यांनी हातानेच त्याला थांबवलं. वेळ लागला, पण गाठ स्वतः सोडवली.

"घ्या. मी बाहेर सांगून माझीच गोळी कशाला बंद पाडीन, एवढं तरी तुमच्या लक्षात यायला हवं होतं, मॅडम. आणि आता एक ऐका, मग मी जाते. बाटलीतली भुकटी खरी आहे, पण द्रावण धुरकट दिसतं. आधी वाटलं माझे डोळे. काल उजेडात धरून परत बघितलं. पाण्यात दुधाचा थेंब पडावा तसं. साफ विरघळत नाहीये ते."

पद्मजाबाईंचा किल्ली घ्यायला पुढे आलेला हात तसाच राहिला.

"धुरकट? तुम्ही आधी का नाही बोललात?"

"गेला महिनाभर इथे माझ्याशी बोलतंय कोण?"

पद्मजाबाईंनी नळी उजेडात धरली. मग तिरपी धरली. त्यांच्या कपाळावर आठी उमटली. माणसांवरचा त्यांचा संशय चुकत असेल, मित्रांनो, पण वस्तूंवरचा संशय त्यांना बरोबर वाट दाखवायचा.

"केतन, अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन आहे ना आपल्याकडे? यंत्रावर लाव. हे औषध त्याला धरतं का बघ."

"अंड्याचं? त्याचा विषाणूशी काय संबंध?"

"काही नाही. म्हणूनच."

यंत्राची रेष चढली. अंड्याच्या प्रथिनालाही मी तशीच धरत होते. मग पद्मजाबाईंनी द्रावणात साबणासारख्या एका रसायनाचा एक थेंब टाकायला सांगितला. वनमालाबाईंच्या हातात त्राण नव्हतं, म्हणून थेंब केतनने टाकला. नळीतला धुरकटपणा निवळला. पुन्हा विषाणूचं प्रथिन लावलं. या वेळी रेष चढलीच नाही. पडद्यावर नुसती आडवी पडून राहिली.

मला तेव्हा कळलं की मी कसं जिंकत होते. माझी भुकटी नीट विरघळत नव्हती. तिचे अगदी बारीक गोळे होत होते आणि समोर येईल त्याला ते चिकटत होते. प्रथिन दिसलं, चिकटले. विषाणू दिसला, त्यालाच गुंडाळून बसले. छत्रीच्या घडीत मी कधी शिरलेच नव्हते. पुढे द्रावण बारीक गाळणीतून गाळून पेशींना दिलं, तेव्हा सगळी रांग हिरवीगार चमकली. आणि माणसाच्या रक्तात हे गोळे टिकण्याची काही आशा नव्हती.

तिघं अजून त्या आडव्या रेषेसमोरच उभी होती. तेवढ्यात पद्मजाबाईंचा फोन वाजला. त्यांच्या हातात मोजे होते, म्हणून त्यांनी फोन टेबलावरच मोठ्या आवाजात लावला.

"अगो पद्मे, बाळ घरी आलं गो काल एकदाचं," नंदकुमारदादांचा आवाज प्रयोगशाळेत घुमला. "परत नको व्हायला म्हणून तुझ्या त्या गोळ्या आणल्यात मी. तीन पाकिटं मिळाली. पण इथला डॉक्टर नको म्हणतो. तू सांग ना त्याला. नाहीतर मीच चुरून देतो दुधातून."

"कोणत्या गोळ्या, दादा?"

"म्हणजे काय? तूच नाही का फोटो पाठवलास बाटलीचा? काळजी करू नको, औषध सापडतंय, म्हणून? आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर पण टाकला मी. लोकांची लेकरं वाचतील म्हटलं."

पद्मजाबाई उभ्या होत्या त्या खाली बसल्या. भावाच्या काळजीपोटी पाठवलेला तो एक फोटो. घरच्या माणसाला पाठवलेलं त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. तिकडून दादा विचारत होते, "अगो, ऐकतेस ना? अर्धी देऊ की पाव?"

वनमालाबाई दोन पावलं पुढे आल्या आणि फोनवर वाकल्या.

"दादा, मी वनमाला बोलते. पद्मजा मॅडमसोबत काम करते. ती गोळी मी नऊ वर्षं खाते. मोठी बाई असून दर तीन महिन्यांनी माझं रक्त तपासावं लागतं, कारण ती लिव्हरला लागते. तुम्ही पाच महिन्यांच्या जिवाला देणार?"

"पण पद्मा म्हणाली होती..."

"मॅडमनाच आत्ता कळलंय, ती त्या विषाणूवर चालत नाही. दहा मिनिटं झाली असतील. पाकिटं बाळाच्या खोलीतून बाहेर काढा आधी. काढली का? मी थांबते फोनवर."

पलीकडे खडबड ऐकू आली. कुणी तरी काही तरी उचललं, कुठे तरी ठेवलं. मग दादांचा बारीक झालेला आवाज आला, "काढली, बाई. दिली नव्हती अजून. खरंच नव्हती दिली."

फोन बंद झाला. पद्मजाबाईंनी मोजे काढले आणि उठून वनमालाबाईंना बाहेर चलण्याची खूण केली. वनमालाबाई हलल्या नाहीत.

"बाहेर कशाला, मॅडम? किल्ली केतनच्या समोर मागितलीत. आता जे बोलायचं तेही त्याच्यासमोर बोला."

आणि पद्मजाबाई केतनच्या समोर बोलल्या. "चूक माझ्या फोनवरून झाली आणि नाव मी तुमचं घेतलं. मला माफ करा, वनमालाबाई." त्याच दिवशी त्यांनी आपल्या नावानिशी खुलासा लिहिला आणि दादांना तो बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकायला लावला. औषध दुकानदारांच्या संघटनेलाही पाठवला. पुढे अहवाल तयार झाला. त्यात एक ओळ होती: 'द्रावण धुरकट असल्याचं प्रथम वनमाला खरात यांच्या लक्षात आलं.' केतनने ती मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा वनमालाबाई म्हणाल्या, "आडनाव बरोबर लिहिलंय ना, बघ."

महिन्याभराने गोळ्या दुकानात परत आल्या. वनमालाबाईंची बोटं एकदम सुटली नाहीत. दिवाळी उलटल्यावर कुठे त्या मला पुन्हा एका हाताने उचलायला लागल्या. उजव्या हाताचं मधलं बोट अजून पुरतं वळत नाही, आणि ते वळेल असं डॉक्टर खात्रीने सांगत नाहीत. त्याचा दोष मी कुणाला देऊ? चिकटले तर मीच होते.

शेजारच्या निळ्या झाकणाच्या बाटलीचंही सांगायला हवं. पुढे तिची पाळी आली, तेव्हा साबणाच्या थेंबानंतरही तिची रेष चढली. अंड्याच्या प्रथिनाला तिने हात लावला नाही. तिचं औषध खरोखरच छत्रीच्या घडीत जाऊन बसतं. पकड अजून ढिली आहे, म्हणून तिच्यासारखंच पण जास्त घट्ट बसणारं औषध बनवायचा खटाटोप चालू आहे. त्याला किती वर्षं लागतील कुणी सांगत नाही, आणि तिचा फोटो कुणी काढू देत नाही. मला तिचा हेवा वाटतो. थोडा. पण ज्या दिवशी मी त्या कामाची नाही हे पक्कं झालं, त्या दिवशी माझ्या काचेवरचं ओझं उतरलं, हेही खरं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणी औषधाचा फोटो पाठवला, तर तो पुढे ढकलण्याआधी विचारा, हे कुणी तपासलं आणि कशाने तपासलं? औषधावर खुशाल संशय घ्या, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. आम्हाला गाळा, साबणात घाला, अंड्याच्या प्रथिनापुढे उभं करा. माणसांचं तसं नसतं. आणि दुकानात शेवटचं पाकीट हातात घ्याल तेव्हा एवढं बघा, की तुमच्या मागे रांगेत कुणी आखडलेली बोटं पदराखाली झाकून उभं तर नाही.